कोठ्याचे शब्द

मराठीत शौचाला जाणारा माणूस कायम कुठेतरी निघालेला असतो. तो परसाकडे जातो, बाहेर जातो, बहिर्दिशेला जातो, डबा घेऊन जातो. तिथे पोचल्यावर काय होते, याबद्दल भाषा अवाक्षर काढत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वाड्यांवर म्हातारी माणसे 'भायर जाऊन येतो' एवढेच म्हणतात. ऐकणाऱ्याला सगळे कळते आणि बोलणाऱ्याला काही सांगावे लागत नाही.

जुन्या कोकणी घराची रचना डोळ्यांपुढे आणली की हे शब्द कुठून आले ते दिसते. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि मागील दार. मागील दारी आळू, केळी, न्हाणीचे वाहते पाणी. त्याच्यापुढे परसू, परसवाला जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडग्यापलीकडे पऱ्या नाहीतर उघडा सडा. घरातून मागे मागे चालत गेले की जी जागा येते, तिचे नाव घ्यायचे नसल्याने भाषेने तिच्या वाटेचे नाव घेतले. म्हणून 'परसात' जाणे वेगळे आणि 'परसाकडे' जाणे वेगळे. परसात आपण केळीचे पान आणायला जातो. 'परसाकडे' मधला 'कडे' फक्त दिशा दाखवतो आणि तिथेच थांबतो. एका शब्दयोगी अव्ययावर इतका भार क्वचितच पडला असेल.

ही सवय आजकालची नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात दिनचर्या सांगितली आहे. पहाटे उठावे, काही पाठांतर करावे, मग दूर 'दिशेकडे' जावे, निर्मळ पाण्याने शुद्धी करावी, आणि परत येताना रिकाम्या हाताने न येता काहीतरी घेऊन यावे, असा तो उपदेश आहे. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथातही माणूस दिशेकडेच जातो. त्याच्याही मागे, तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात, महानुभाव पंथीयांनी यासाठी 'परिश्रय' हा शब्द वापरला आहे. संस्कृतात परिश्रय म्हणजे कुंपण, आडोसा. म्हणजे मराठी गद्याच्या अगदी पहिल्या मोठ्या ग्रंथातही जागेचा आडोसा सांगितला आहे, क्रिया सांगितलेली नाही. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे सगळे बारीकसारीक आचरण टिपून ठेवणाऱ्या शिष्यांनी ही गोष्टही वगळली नाही, याचे मला फार मोल वाटते. त्यांच्या लेखी ती देहाची साधी गोष्ट होती. लिहून ठेवताना फक्त शब्द झाकलेला निवडला.

'हागणदारी' हाही मुळात जागेचाच शब्द, गावाच्या कडेच्या जागेचा. चारचौघांत उच्चारायचा नाही असा हा शब्द संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात, म्हणजे 2000 सालानंतर, पंचायतीच्या फळ्यावर आणि वेशीवरच्या कमानीवर आला. 'हागणदारीमुक्त गाव' असे सरकारने लिहिले, सभापतींनी भाषणात म्हटले, शाळेतल्या मुलांनी प्रभातफेरीत ओरडून म्हटले. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारी 'गुड मॉर्निंग पथके' याच काळातली. त्या पथकांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना दिलेली लाज मला कधीच पटली नाही. पण एका गावंढळ ठरवलेल्या शब्दाला सरकारी पत्रात जागा मिळाली हे चांगलेच झाले. त्या शब्दावाचून ते काम सांगताच आले नसते. 'उघड्यावरील मलविसर्जन' म्हटले असते तर वाडीतल्या अर्ध्या माणसांना ते दुसऱ्या कोणाबद्दल चालले आहे असे वाटले असते.

'संडास' या शब्दाने मात्र वेगळीच वाट धरली. बांधला जातो तो संडास पुल्लिंगी. पण दवाखान्यात आई सांगते, 'दोनदा पातळ संडास झाली.' इथे संडास स्त्रीलिंगी झाली आणि तिचा अर्थ जागेवरून वस्तूवर सरकला. आजच्या मराठीत डॉक्टरांपुढे सर्रास वापरला जाणारा शब्द हाच आहे. जागेचे नाव घेऊन वस्तू झाकायची जुनी रीत इथवर आली आणि अखेर जागेलाच वस्तूचा अर्थ चिकटला. झाकण्यासाठी घेतलेला शब्द पुढे उघडा पडतो आणि मग नवा शब्द आणावा लागतो. संडासावरून आपण लॅट्रिनवर आलो, तिथून टॉयलेटवर, आणि आता वॉशरूमवर.

जुन्या वाड्यांच्या वर्णनात 'शेतखाना' येतो. वाचणाऱ्याला वाटते, शेतात जाण्याशी याचा संबंध असणार. तसे नाही. अरबी 'सिहत', म्हणजे आपण हिंदी सिनेमातून ऐकतो ती सेहत, आणि फार्सी 'खाना' मिळून तो झाला. आरोग्याचे घर असा त्याचा अर्थ. मराठी जिभेवर सिहतचे शेत झाले, आणि शेताकडे जाण्याची सवय असल्याने ते कोणाला खटकले नाही. 'पायखाना' त्याच घराण्यातला, फार्सी पाय आणि खाना. राजगड, सिंधुदुर्ग अशा किल्ल्यांच्या तटात शिवकाळात बांधलेले शौचकूप आजही दिसतात. गड पाहायला जाणाऱ्यांनी बुरूज आणि दरवाजे पाहावेत, तसे तेही थांबून पाहावेत. शेकडो माणसे महिनोन्‌महिने कोंडून राहणार, तर त्यांच्या या गरजेचा विचार बांधकाम आखतानाच केलेला दिसतो.

आता ज्या शब्दांना आपण सर्वांत हलके समजतो त्यांच्याकडे वळू. 'हगणे' हा शिवीच्या पंगतीला बसवलेला शब्द. पाणिनीय धातुपाठात 'हद्' हा धातू मलविसर्जनाच्या अर्थाने दिलेला आहे आणि आपला शब्द त्याच्याच गोतातला. ग्रीक भाषेतही त्याचा सख्खा भाऊबंद आहे. 'पादणे' संस्कृत 'पर्द्' वरून आले, आणि त्याचे नातेवाईक ग्रीकपासून इंग्रजीपर्यंत पसरले आहेत. 'गू' हा संस्कृत 'गूथ' चा वंशज. म्हणजे ज्यांना आपण अडाण्याचे शब्द म्हणतो ते हजारो वर्षे तोंडातून तोंडात अखंड आलेले आहेत, आणि ज्यांना सभ्य म्हणतो ते बहुतेक नंतर पांघरलेले आहेत. मुलाला हे शब्द उच्चारल्याबद्दल फटका देणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात घ्यावे.

'शौच' हा असाच पांघरलेला शब्द. शुचि म्हणजे शुद्ध, त्यावरून शौच म्हणजे शुद्धी. पतंजलीच्या योगसूत्रांत नियमांमध्ये पहिले नाव शौचाचेच आहे, तिथे अर्थ देहाची आणि मनाची स्वच्छता. घाण टाकल्यावर जी शुद्धी करायची तिचे नाव टाकण्याच्या क्रियेलाच मिळाले. 'प्रातर्विधी' मध्ये तर तो विधीच झाला. मंडणगडशेजारच्या दापोलीत शाळा शिकलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आह्निकाचा भाग लिहिताना शौचाचे नियमही नेटकेपणाने मांडले आहेत. कुठल्या दिशेला तोंड करावे, माती किती घ्यावी, पाणी कसे घ्यावे, सारे. एवढ्या मोठ्या विद्वानाला तो विषय टाळावासा वाटला नाही.

'पुरीष' या शब्दाची गोष्ट मला सर्वांत आवडते. वैद्यकात पुरीष म्हणजे मळ. पण वैदिक वाङ्मयात पुरीष म्हणजे भराव, भुसभुशीत माती. अग्निचयन या यज्ञविधीत विटांचे पाच थर रचतात आणि थरांच्या मधे जी माती पसरतात तिचे नाव पुरीष. वेदीतली माती आणि पोटातला मळ यांना एकच शब्द, कारण दोन्ही भरणारे. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्याच्या भाषेत मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात.

सोनखताचे नाव निघाले की रत्नागिरी जिल्ह्याला अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण यायला हवी. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास-सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपोषण धरले आणि त्यांच्या पाठीशी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या साध्या संडासांचे त्यांनी प्रयोग केले. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. ज्या कामाचे नावही लोक घेत नव्हते ते काम त्यांनी हाताने केले आणि त्यावर लिहिलेही. कोकणातल्या पाठ्यपुस्तकांतून ते इतके कमी का भेटतात, हे मला कळत नाही.

जागेच्या शब्दांतून बाहेर पडले की मराठीत दुसरे एक घराणे लागते, आणि ते फार बोलके आहे. हे शब्द विचारतात: पोट रिकामे झाले का? पहिला त्यातला 'झाडा'. झाड्याला जाणे म्हणजे शौचाला जाणे. झाडाझुडपांकडे जाणे असा अर्थ पुष्कळांच्या मनात असतो, पण शब्द झाडण्यातून आला आहे. केरसुणीने घर झाडतो तसा कोठा झाडून काढणे. हाच झाडा हिशेबात येतो. 'पैन्‌पैचा झाडा द्या' म्हणतात तेव्हा काही मागे ठेवू नका असे सांगायचे असते. ट्रंकेचा झाडा घेतात तेव्हा तळापर्यंत उपसतात. तिन्ही ठिकाणी अर्थाचा गाभा एक: आत काही राहू नये.

'पोट मोकळे झाले' मधला मोकळा 'मुक्त' च्या कुळातला. मनही मोकळे होते, केसही मोकळे सोडतात, पोटही. रेच, रेचक, विरेचन यांच्या मुळाशी 'रिच्' आहे, रिकामे करणे. त्याच रिच् पासून रिक्त, आणि रिक्तचा आपला रिता. प्राणायाम करणाऱ्याला पूरक, कुंभक, रेचक ठाऊक असतात. तिथे रेचक म्हणजे श्वास बाहेर सोडणे. वैद्याचा रेचक आणि योग्याचा रेचक एकाच धातूचे. 'ढाळ' मध्ये ढाळणे आहे, ओतून टाकणे. अश्रू ढाळतात, पोटही ढाळते, आणि ढाळवणारे औषध ते ढाळक.

आणि मग कोठा. माझ्या मते हा या सगळ्या शब्दसंग्रहाचा मध्य आहे. संस्कृत 'कोष्ठ' म्हणजे साठवणाची खोली. कोष्ठागाराचे कोठार झाले, कोष्ठिकेची कोठी झाली, कोष्ठाचा कोठा झाला, आणि वहीत रेघा मारून खाने पाडले की ते कोष्टक. शरीरात कोष्ठ म्हणजे पोटाची पोकळी, विशेष करून आतडे. आयुर्वेदाने माणसांचे कोठ्यावरून तीन प्रकार केले, मृदू, मध्यम आणि क्रूर. मृदू कोठ्याच्या माणसाला नुसत्या गरम दुधानेही होते, क्रूर कोठ्याला जोरदार रेचकही पुरत नाही. आजही आमच्याकडे 'तिचा कोठा हलका आहे, तिला हे देऊ नको' आणि 'त्याचा कोठाच जड' अशी वाक्ये घरात सर्रास ऐकू येतात. बोलणाऱ्याने ग्रंथ वाचलेला नसतो. ज्ञान शब्दातून आले आहे. आधुनिक वैद्यक आज सांगते की निरोगी माणसांतही आतड्याची गती कमीजास्त असते, एकाचे नेहमीचे ते दुसऱ्याला आजार वाटेल. हलका कोठा आणि जड कोठा म्हणणाऱ्या आजीला हे केव्हाच मान्य होते.

कोठाराचा अर्थ ध्यानात ठेवला तर 'बद्धकोष्ठ' नीट समजतो. साठवणाच्या खोलीचे दार बांधून टाकलेले आहे. बद्ध म्हणजे बांधलेले, त्याच 'बन्ध्' मधून आपले बांधणे आले. पण याच बांधण्याला मराठीत चांगला अर्थही आहे. तान्ह्या बाळाच्या आईला विचारतात, 'बांधून होते का?' बांधून झाली म्हणजे ना पातळ, ना खडा, जशी व्हायला हवी तशी. कोठा बांधला गेला की रोग, आणि मळ बांधून झाला की आरोग्य. एका धातूने दोन्ही कडा सांभाळल्या आहेत. 'मलावरोध' हा छापील शब्द यापुढे फिका वाटतो, तो रस्ता अडल्याच्या फलकासारखा आहे. हिंदीने अरबीतला 'कब्ज' उचलला. त्याचे मूळ मुठीत धरणे, पकडणे. मराठीने त्यातला 'कब्जा' जमिनीच्या कज्ज्यांसाठी ठेवला, आणि पोटाचा कब्ज आपल्याकडे आला तो अलीकडे, चूर्णांच्या जाहिरातींतून.

कोठ्याच्या आतला कारभार तसा साधा आहे. मोठ्या आतड्याचे काम पाणी शोषून घेणे. मळ जितका जास्त वेळ तिथे पडून राहील तितके पाणी जास्त शोषले जाते आणि तितका तो वाळतो. म्हणून 'खडा होतो' हे वर्णन अक्षरशः खरे आहे. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते. पेज किंवा चहा घेतल्यावर 'आता होईल' असे वाटते ते याचमुळे. उकिडवे बसल्याने गुदमार्गाचा वाक सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. 'उकिडवा' हा शब्द संस्कृत 'उत्कुटुक' पासून आला. पालीत तो 'उक्कुटिक' आहे, भिक्षूंच्या बसण्याच्या वर्णनात येतो. आता गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी 'कमोड' आला आहे. हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ सोयीचा. ज्यांना खाली बसवत नाही त्यांना तो सोयीचा आहेच. पायांखाली एखादा पाट किंवा लहान स्टूल घेतले की गुडघे वर येतात आणि उकिडव्याचा फायदा बराचसा मिळतो.

औषधांच्या नावांत तर सबंध व्यापाराचा इतिहास आहे. 'जुलाब' हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्याला सांगावे की तो आणि गुलाब एकच. फार्सी गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबांनी ग चा ज केला, 'जुलाब' म्हणजे गोड औषधी पेय झाले, आणि रेचक बहुधा तशाच पेयातून देत असल्याने अर्थ तिकडे कलला. इंग्रजीतला 'ज्यूलेप' हाही त्याचाच भाऊ. मराठीत आल्यावर एक पायरी आणखी पुढे गेली. जुलाब घेतात ते औषध, आणि जुलाब लागतात तो रोग. कारण आणि परिणाम दोघांचे नाव एकच.

'सोनामुखी' ऐकले की सोन्यासारख्या पिवळ्या फुलाचे झाड डोळ्यांपुढे येते, आणि फुले पिवळी असतातही. पण शब्द आला 'सना मक्की' पासून, मक्केची सना. अरबी समुद्र ओलांडून आलेल्या पानांना मराठी माणसाने आपल्या कानाला गोड वाटेल असे नाव दिले. 'इसबगोल' फार्सी आहे. अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून. 'एरंडेल' घरचे: एरंड आणि तेल जोडून. त्यातही गंमत अशी की तेल हा शब्द तिळावरून आला, तैल म्हणजे तिळाचे. खोबरेल, एरंडेल सगळ्यांच्या पोटात तीळ आहेच. आणि हिरडा सह्याद्रीचा. ज्याला आई नाही त्याची हिरडा ही आई, अशी वैद्यांची जुनी समजूत आहे. मंडणगड-दापोलीच्या रानात हिरडा आहे, बाहवा आहे. चैत्र-वैशाखात बाहवा पिवळा होतो तेव्हा लोक फोटो काढतात. त्याच्या लांब काळ्या शेंगांतला मगज सौम्य रेचक आहे, हे घरातल्या एखाद्याच म्हाताऱ्या माणसाला आठवते. सोनामुखीसारखी तीव्र औषधे मात्र कोणी 'वनस्पतीच आहे' म्हणून रोज घेऊ नयेत. अशा औषधांची सवय लागते, आणि दुकानातल्या पुष्कळ चूर्णांत तीच असतात.

आता शब्दांतल्या त्या दोन घराण्यांमुळे, जागेच्या आणि रिकामे होण्याच्या, दवाखान्यात काय होते ते पाहा. आजी सांगते, 'डॉक्टर, भायर साफ होत नाय.' तरुण डॉक्टर विचारतो, 'किती दिवस झाली नाही, आजी?' आजी म्हणते, 'रोज जाते. पन साफ होत नाय.' डॉक्टरच्या पुस्तकात आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे हे बद्धकोष्ठाचे एक मोठे लक्षण आहे. आजीला वेळा मोजून सांगायच्याच नाहीत. तिला कोठ्यात काही राहिले की नाही एवढे सांगायचे आहे. दोघेही बरोबर असतात आणि एकमेकांना कळत नाहीत.

वेळा मोजण्याचा तो आकडा बराचसा ब्रिटनमधून आला. 1965 साली तिथे हजाराहून अधिक लोकांची पाहणी झाली आणि जवळजवळ सगळे निरोगी लोक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या मर्यादेत सापडले. ही मर्यादा फार मोलाची आहे. एक दिवस झाली नाही म्हणून हवालदिल होणाऱ्याला ती धीर देते. पण आपल्याकडे डाळभात, भाजी, नाचणीची भाकरी खाणाऱ्या माणसाला बहुधा रोज एकदा तरी होते, आणि त्याची तक्रार असते ती अपुरे झाल्याची, कुंथावे लागल्याची. भारतातल्या पोटाच्या डॉक्टरांनीही आता हे मान्य केले आहे की केवळ वेळा मोजून आपल्या माणसाचे बद्धकोष्ठ पकडता येत नाही. 'साफ' हा अरबीतून आलेला छोटा शब्द इथे रोगनिदानाचा शब्द आहे.

1997 साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाच्या रूपावरून सात प्रकारांचा एक तक्ता मांडला, तो आज जगभर वापरतात. पहिला प्रकार सुट्या कठीण गोळ्यांचा, शेवटचा नुसत्या पाण्याचा. हा तक्ता पाहताना मला मराठीची श्रीमंती जाणवली. पहिल्याला आपण 'लेंड्या' म्हणतो. दुसरा 'गाठीगाठीचा', 'खडा'. चौथा 'बांधून'. त्यानंतर 'सैल', 'पातळ', 'पाण्यासारखी'. गाईचे शेण, घोड्याची लीद, शेळीची लेंडी, पाखराची शीट अशी प्रत्येक जनावराच्या मळाला वेगळे नाव देणारी भाषा ही. गुरे राखणारा पोर शेळीची लेंडी मऊ पडली की ती आजारी आहे हे ओळखतो. आपल्या स्वतःबद्दल बोलताना मात्र तोच पोर मोठेपणी मुंबईत डॉक्टरपुढे 'मोशन प्रॉब्लेम' एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो.

मंडणगडचा माणूस मुंबईला नोकरीसाठी जातो हे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तिथे चाळीत मजल्याला मिळून मोजके संडास, बाहेर रांग, मागचा दार ठोठावतो. लोकल गाठायची म्हणून पोटाची वेळ मागे ढकलली जाते. चरकसंहितेत एक सबंध अध्याय अडवू नयेत अशा वेगांवर आहे. असे तेरा वेग सांगितले आहेत, आणि त्यांत भूक, तहान, झोप, अश्रू, जांभई यांच्याबरोबर मळाचा वेग आहे. आज वेग म्हटले की आपल्याला गाडी आठवते. पोटातून उठणारी हाक या अर्थाने तो शब्द हरवला आहे, आणि वेग अडवणे ही गोष्टही गेली कित्येक पिढ्या सवयीची झाली आहे. अडवलेली हाक थोड्या वेळाने विरते. रोज अडवली की ती येईनाशी होते.

हे सर्वांत जास्त सोसले ते बायकांनी. घरात संडास नव्हता तेव्हा अंधार पडेपर्यंत थांबायचे, पहाटे उजाडायच्या आत उरकायचे, आणि दिवसा लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात आणि डोक्यावरून आणलेल्या हंड्यातले पाणी शेवटी तिच्याच वाट्याला कमी येते. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या सुरू होतात, त्यांनी मळ काळा आणि घट्ट होतो. हे कोणी सांगितलेले नसले की ती घाबरून गोळ्याच सोडून देते. आता बहुतेक घरांत संडास आहेत. सवय मात्र अजून पुष्कळ जणींच्या अंगात आहे, आणि तक्रार सांगण्याचा संकोचही.

त्यात भाषेची एक खरी अडचण आहे. 'बाहेर' या शब्दाला मराठीत आणखी दोन अर्थ आहेत. 'बाहेरची झाली' म्हणजे पाळी आली. 'बाहेरचे आहे' म्हणजे भुताखेताची बाधा. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून मंडणगडला पहिल्यांदाच नेमणुकीवर आलेल्या डॉक्टरला एखादी बाई खाली मान घालून 'भायरचा तरास हाय' म्हणाली तर त्याने काय समजायचे? इथल्या नर्सबाईंना विचारले तर त्या एका क्षणात सांगतील. पण हे शब्द कुठे लिहिलेले नाहीत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1905 सालच्या सातव्या खंडात इथल्या बाणकोटी बोलीची नोंद आहे. पण मुख्य नमुना म्हणून त्या सर्वेक्षणात बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेत होते. त्या गोष्टीत आजारी पोटाला जागा नाही. बोलींचे पुढचे अभ्यासकही लोकगीते आणि म्हणी गोळा करत राहिले. ते काम मोठेच आहे. तरी वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती प्रत्येक जिल्ह्यातल्या दुखण्यांच्या शब्दांची एक वही असायला हवी, आणि ती करणे जिल्ह्यातल्या मराठीच्या प्राध्यापकांना आणि आशाताईंना मिळून एका उन्हाळ्यात जमण्यासारखे आहे.

तोवर आपण आपल्या परीने बोलू या. पोटाची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलात तर इंग्रजी शब्द शोधत बसू नका. खडा होतो की लेंड्या पडतात, कुंथावे लागते का, साफ होते का, ते आपल्या शब्दांत सांगा. रक्त दिसले, डांबरासारखी काळी झाली, वजन उतरू लागले, किंवा पन्नाशीनंतर वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलली, तर चूर्णाची पुडी आणण्याआधी डॉक्टरकडे जा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला तुम्ही आपण होऊन विचारा, ते आधी सांगणार नाही. आणि डॉक्टर असाल तर 'किती वेळा' विचारून झाल्यावर 'साफ होते का' हेही विचारा.